गोळी आणि शिधा : छत्तीसगडमधील क्षयरोग नियंत्रण आणि उपयोजित संशोधन

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय क्षयरोग पाहणी केली. १५ वर्षांवरील दर एक लाख व्यक्तींमागे ३१६ व्यक्तींना प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे या पाहणीत आढळले. छत्तीसगडसाठी हाच आकडा ४५४ होता. ज्या राज्याला ‘धानाचे कोठार’ म्हटले जाते, ज्याची सार्वजनिक वितरण व्यवस्था देशात वाखाणली गेली आणि जेथे क्षयरोगाची औषधे शासकीय दवाखान्यात एक पैसाही न घेता दिली जातात, तेथे हा आजार राष्ट्रीय सरासरीच्या जवळजवळ दीडपट असावा, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. औषध उपलब्ध आहे, ते मोफत आहे आणि ते गुणकारीही आहे. मग अडते कोठे, हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा राहत नाही. विकासाच्या अर्थशास्त्राशी आणि उपयोजित संशोधनाच्या स्वरूपाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

संसर्ग आणि रोग

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयजंतूचा शोध जाहीर केला. हा जंतू हवेतून पसरतो. मात्र जंतूचा संसर्ग होणे आणि क्षयरोग होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांकडून नेमका येथेच गोंधळ होतो. संसर्ग झालेल्या बहुसंख्य व्यक्तींमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती जंतूला कोंडून ठेवते. अशा व्यक्तींपैकी साधारणपणे पाच ते दहा टक्के व्यक्तींनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. हा कोंडलेला जंतू कोणाच्या शरीरात डोके वर काढील हे एचआयव्हीची बाधा, मधुमेह, तंबाखू, दारू, खाणीतील सिलिकायुक्त धूळ आणि कुपोषण अशा घटकांवर अवलंबून असते. भारतात या सर्वांमध्ये कुपोषणाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

क्षयरोगाच्या उपचारावर शासनाने खर्च का करावा, याचे अर्थशास्त्रीय उत्तर ‘बाह्य परिणाम’ या संकल्पनेत आहे. रुग्ण बरा झाला की लाभ त्याला होतोच, शिवाय त्याच्या घरातील, कामावरील आणि शेजारच्या ज्या व्यक्तींना संसर्ग झाला असता त्यांनाही तो होतो. बाजारातील व्यवहारात या दुसऱ्या लाभाची किंमत कोणीच मोजत नाही. म्हणून उपचार केवळ रुग्णाच्या ऐपतीवर सोडला तर समाजाच्या दृष्टीने तो नेहमीच अपुरा पडतो. अर्धवट उपचाराचा परिणाम तर याहून घातक असतो. औषधे मध्येच सोडणाऱ्या रुग्णाच्या शरीरात औषधांना दाद न देणारे जंतू उरतात आणि तेच पुढे पसरतात. आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन या दोन प्रमुख औषधांना दाद न देणाऱ्या क्षयास बहुऔषध प्रतिरोधी क्षयरोग म्हणतात.

मद्रासचा प्रयोग

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४० च्या दशकात लागला आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड उपलब्ध झाले. तत्पूर्वी क्षयरोगावर खात्रीचे औषध नव्हते. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती व सकस आहार एवढीच चिकित्सा होती आणि ती आरोग्यधामात मिळत असे. रायपूरचा परिसर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. या भागातील रुग्णांसाठी बिलासपूरच्या उत्तरेस पेंड्रा रोड येथे आरोग्यधाम होते. महाराष्ट्रात मिरजेजवळील वानलेसवाडी अशाच आरोग्यधामासाठी ओळखली जात असे. परंतु देशातील रुग्णसंख्या पाहता आरोग्यधामांतील खाटा म्हणजे दर्यामे खसखस होत्या. त्यातच १९५५ ते १९५८ या काळातील राष्ट्रीय नमुना पाहणीने दाखवून दिले की हा रोग शहरांपुरता नसून खेड्यांतही तेवढ्याच प्रमाणात आहे. साऱ्या रुग्णांना पुरतील इतकी आरोग्यधामे बांधणे नवस्वतंत्र देशाच्या आवाक्याबाहेरचे होते.

या अडचणीतून स्वतंत्र भारतातील उपयोजित संशोधनाचा एक अत्यंत महत्त्वाचा प्रयोग उभा राहिला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि मद्रास सरकार यांनी १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोगावरील औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू केले. वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख होते. केंद्राने शहरातील गरीब वस्त्यांतील १९३ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. दोन्ही गटांना आयसोनियाझिड व पास ही औषधे वर्षभर देण्यात आली. फरक एवढाच की एक गट आरोग्यधामात राहिला आणि दुसरा आपापल्या घरी. घरच्या रुग्णांचे जेवण निकृष्ट होते, खोल्या कोंदट होत्या आणि त्यांतील अनेकांना कामावर जावे लागत होते. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेरीस रोग शमलेल्यांचे प्रमाण आरोग्यधामात ९२ टक्के, तर घरी ८६ टक्के होते. घरी राहणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबीयांना संसर्गाचा धोका अधिक होता, असेही आढळले नाही.

या निष्कर्षाने जगभरातील उपचारपद्धती पालटली. क्षयरोगाचा इलाज घरी होऊ शकतो हे सिद्ध झाल्याने गरीब देशांपुढील आर्थिक कोडे सुटले. १९५९ मध्ये बंगळुरू येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली आणि १९६२ मध्ये जिल्हा हा घटक मानून राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आखण्यात आला. मद्रासचे केंद्र पुढे क्षयरोग संशोधन केंद्र झाले व २०११ पासून ते राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते.

याच प्रयोगातून आणखी एक अनुमान काढले गेले. आरोग्यधामातील रुग्णांचे वजन अधिक वाढले होते, तरी रोग शमण्यात मोठा फरक पडला नव्हता. तेव्हा औषधे नियमित असतील तर आहाराला फारसे महत्त्व नाही, असा अर्थ धोरणकर्त्यांनी लावला. संशोधकांनी विचारलेला प्रश्न मर्यादित होता व त्याचे उत्तर अचूक होते. औषध सुरू झाल्यावर, ते देखरेखीखाली पूर्ण घेतले गेल्यास जंतू नाहीसे होतात का, एवढेच त्यांनी तपासले होते. मुळात रोग कोणाला होतो, अतिशय कृश रुग्ण उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत दगावतात का, आणि बरा झालेला रुग्ण पुन्हा कुदळ-फावडे उचलू शकतो का, हे प्रश्न त्या प्रयोगाच्या कक्षेत नव्हते. तथापि पुढची सुमारे पाच दशके क्षयरोगाच्या शासकीय कार्यक्रमात अन्नाला स्थान उरले नाही. एका चोख प्रयोगाचे उत्तर त्याने न विचारलेल्या प्रश्नांनाही लागू केले गेले, असेच म्हणावे लागेल.

कार्यक्रमाची वळणे

१९६२ च्या कार्यक्रमाची रचना शास्त्रीय होती, पण निधी, औषधपुरवठा आणि देखरेख तिन्ही तोकडी पडली. बंगळुरूच्या संस्थेतील देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेला समाजशास्त्रीय अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यातील रुग्णांना आजाराची जाणीवच नसते, हा समज त्या अभ्यासाने खोटा ठरवला. बहुतेकांना लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक रुग्ण स्वतःहून दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथून ते खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. दोष रुग्णाचा नसून व्यवस्थेचा आहे हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारे अभ्यास विरळाच. त्या तुलनेत २०१९–२१ च्या पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के व्यक्तींनी कोठेही उपचार घेतले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे सहा दशकांत समस्येचे रूप कसे बदलले ते कळते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये क्षयरोग ही जागतिक आणीबाणी असल्याचे जाहीर केले. भारतात त्याच वर्षी सुधारित कार्यक्रमाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. १९९७ पासून ‘डॉट्स’, म्हणजे प्रत्यक्ष देखरेखीखाली अल्पकालीन औषधोपचार, या पद्धतीचा विस्तार होत गेला व मार्च २००६ मध्ये संपूर्ण देश तिच्या कक्षेत आला. आठवड्यातून तीन दिवस औषध ही या पद्धतीची खूण होती. २०१७ मध्ये ती बदलून दररोज औषध देण्याची पद्धत देशभर स्वीकारण्यात आली. आता सर्वसाधारण रुग्णास पहिले दोन महिने चार आणि पुढील चार महिने तीन औषधे एकत्रित गोळीच्या रूपात, वजनानुसार दिली जातात. २०१२ मध्ये खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक झाले आणि त्यासाठी ‘निक्षय’ ही संगणकीय प्रणाली आली. २०२० मध्ये कार्यक्रमाच्या नावातील ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आले.

नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ च्या तुलनेत ८० टक्क्यांनी खाली आणण्याचे जे उद्दिष्ट जगाने २०३० साठी ठरवले होते, ते भारताने २०१८ मध्ये २०२५ सालासाठी स्वीकारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये भारतात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला २३७ नवे रुग्ण होत. २०२४ मध्ये ते १८७ होते. ही घट सुमारे २१ टक्क्यांची आहे. जागतिक घटीपेक्षा तिचा वेग अधिक असला, तरी उद्दिष्टापासूनचे अंतर उघड आहे. केवळ रुग्ण शोधून औषध देण्याने हा उतार किती तीव्र होऊ शकतो, याची मर्यादा या आकड्यांत दिसते.

गनियारीची मोजणी

रायपूरहून रेल्वेने बिलासपूरला जाणाऱ्या प्रवाशाला दोन्ही बाजूंना भातखाचरे दिसतात. बिलासपूरपासून काही किलोमीटरवर गनियारी नावाचे गाव आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शिकलेल्या काही डॉक्टरांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था स्थापन करून तेथे रुग्णालय उभारले. आदिवासी आणि भूमिहीन कुटुंबांतील रुग्ण दूरदूरच्या गावांतून तेथे येतात. या डॉक्टरांनी केलेली एक कृती वरकरणी अगदी सामान्य आहे. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाचे वजन व उंची त्यांनी नोंदवून ठेवली.

२००४ ते २००९ या काळातील १,६९५ प्रौढ रुग्णांच्या नोंदींवर आधारित त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानाच्या वेळी पुरुषांचे मध्यक वजन ४२.१ किलो व स्त्रियांचे ३४.१ किलो होते. शरीर वस्तुमान निर्देशांक, म्हणजे किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या, पुरुषांत १६ आणि स्त्रियांत १५ होती. १८.५ पेक्षा कमी निर्देशांक म्हणजे कुपोषण आणि १७ पेक्षा कमी म्हणजे मध्यम ते तीव्र कुपोषण मानले जाते. या निकषाने ८० टक्के स्त्रिया व ६७ टक्के पुरुष मध्यम ते तीव्र कुपोषित होते. तीव्र कुपोषित रुग्णांचा मृत्यूचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळला. उपचार पूर्ण झाल्यानंतरही बहुसंख्य रुग्ण कुपोषितच राहिले.

या आकड्यांचा अर्थ थोड्या गणिताने स्पष्ट होईल. दीड मीटर उंचीच्या स्त्रीसाठी १८.५ हा निर्देशांक गाठण्यास सुमारे ४१.६ किलो वजन लागते. गनियारीतील मध्यक स्त्री त्यापेक्षा साडेसात किलोंनी हलकी होती. आजच्या वजनगटांनुसार प्रौढांचा सर्वांत खालचा गट २५ ते ३४ किलोंचा असून त्यातील रुग्णास रोज दोन एकत्रित गोळ्या दिल्या जातात. म्हणजे गनियारीला आलेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या या सर्वांत खालच्या गटात मोडल्या असत्या.

क्षयाने वजन घटते हे सर्वश्रुत आहे. आपल्या भाषेत या रोगाचे नावच मुळी झिजण्यावरून पडले आहे. तेव्हा हे कुपोषण रोगामुळे आले की कुपोषणामुळे रोग आला, ही शंका रास्त ठरते. अभ्यासातील एक नोंद येथे उपयोगी पडते. सुमारे निम्म्या रुग्णांची उंचीही खुंटलेली होती. प्रौढपणी झालेल्या रोगाने वजन कमी होते, उंची कमी होत नाही. खुंटलेली उंची बालपणातील उपासमारीची साक्ष देते. म्हणजे यातील अनेक रुग्णांची भूक रोगाच्या कित्येक वर्षे आधीची होती.

युरोपीय इतिहासात याला पुष्टी मिळते. इंग्लंडमध्ये क्षयमृत्यूंचे प्रमाण औषधांचा शोध लागण्यापूर्वीच, राहणीमान व आहार सुधारत गेले तसे दीर्घकाळ घटत होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तेथील पॅपवर्थ या वसाहतीत क्षयरुग्णांना कुटुंबासह घर, काम व पुरेसे अन्न देण्यात आले. रुग्णासोबत राहूनही तेथील मुलांमध्ये रोगाचे प्रमाण फार कमी राहिले. परंतु इतिहासातील साम्य म्हणजे पुरावा नव्हे. आहार दिल्याने रोग टळतो, हे सांगण्यासाठी मद्रासइतकाच काटेकोर प्रयोग हवा होता.

शेजारच्या राज्यातील प्रयोग

तो प्रयोग छत्तीसगडला लागून असलेल्या झारखंडमध्ये झाला. गनियारीच्या अभ्यासात सहभागी असलेले डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेतील सहकाऱ्यांनी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने २०१९ मध्ये चार जिल्ह्यांत तो सुरू केला. ‘रेशन्स’ या नावाने तो ओळखला जातो. त्यात २,८०० रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबांतील १०,३४५ व्यक्ती सहभागी होत्या.

प्रयोगाची रचना अभ्यासण्यासारखी आहे. सर्व रुग्णांना दरमहा दहा किलोंचा शिधा देण्यात आला. त्यात तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, दूध भुकटी व तेल होते आणि जोडीला जीवनसत्त्वांच्या गोळ्या होत्या. कुपोषित रुग्णास केवळ तुलनेसाठी अन्नापासून वंचित ठेवणे नीतिमत्तेस धरून झाले नसते. म्हणून यादृच्छिक विभागणी रुग्णांची न करता कुटुंबीयांची करण्यात आली. एका गटातील प्रत्येक कुटुंबीयास दरमहा पाच किलो तांदूळ व डाळ मिळाली. दुसऱ्या गटातील कुटुंबांत शिधा फक्त रुग्णापुरता होता. त्यानंतर दोन्ही गटांतील किती कुटुंबीयांना नव्याने क्षयरोग होतो, यावर लक्ष ठेवण्यात आले.

ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिधा मिळालेल्या कुटुंबांत सर्व प्रकारच्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी राहिले. दुसऱ्या शब्दांत, सुमारे ३० कुटुंबांना शिधा दिला की एक नवा रुग्ण टळतो. क्षयरोगावरील बीसीजी लस बालकांचे गंभीर प्रकारांपासून रक्षण करते. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाविरुद्ध मात्र ती परिणामकारक नाही, हे तमिळनाडूतील चिंगलपेट येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले होते. त्यामुळे डाळ-तांदळाने साधलेली ही घट विशेष लक्षवेधी ठरते.

रुग्णांविषयीचे निष्कर्षही तितकेच महत्त्वाचे आहेत. या रुग्णांपैकी पाचांतील चार कुपोषित होते. पहिल्या दोन महिन्यांत वजनात एक टक्का वाढ झाली तर मृत्यूचा धोका १३ टक्क्यांनी आणि पाच टक्के वाढ झाली तर ६१ टक्क्यांनी कमी असल्याचे आढळले. ३४ किलोंच्या स्त्रीच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे १.७ किलो, पुरते पावणेदोन किलोही नव्हे. मद्रासच्या निष्कर्षाला याने छेद जात नाही. औषधाने जंतू मरतात हे मद्रासने सांगितले. शरीर किती खंगलेले असले म्हणजे औषधाचा परिणाम होण्याआधीच रुग्ण हातचा जातो, हे झारखंडने सांगितले.

निदानाचे अंतर

अन्नाचे महत्त्व मान्य केले, तरी रुग्ण सापडला पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली बेडक्याची तपासणी स्वस्त असते, पण एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ती रोग दाखवत नाही. जंतूंची वाढ करून पाहण्याची पद्धत सर्वांत संवेदनक्षम असली, तरी तिला अनेक आठवडे लागतात आणि सुसज्ज प्रयोगशाळा लागते. राज्याची अशी संदर्भ प्रयोगशाळा रायपूरमध्ये आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही तेथेच आहे. रायपूर ते जगदलपूर हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर असून सुकमा, बिजापूर हे जिल्हे त्याही पलीकडे आहेत. नमुना रायपूरला पोहोचून निकाल परत येईपर्यंत रुग्ण कामाच्या शोधात परमुलखात गेलेला असतो. छत्तीसगडमधून दरवर्षी असंख्य कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामासाठी इतर राज्यांत जातात, ही बाब येथे विसरता येत नाही.

जंतूची जनुकीय ओळख पटवणाऱ्या यंत्रांनी हे अंतर बरेच कमी केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिलेली सीबीनॅट ही चाचणी सुमारे दोन तासांत जंतू दाखवते व रिफाम्पिसिनला तो दाद देईल की नाही हेही सांगते. मात्र तिला अखंड वीज व थंड हवा लागते. गोव्यातील मोलबायो या कंपनीने तयार केलेले ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालते आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावते. २०२० मध्ये त्यास जागतिक मान्यता मिळाली. भारतीय परिस्थितीची अडचण ओळखून भारतातच शोधलेले उत्तर म्हणून या यंत्राकडे पाहावयास हवे. राष्ट्रीय पाहणीतील आणखी एक निष्कर्ष याला पूरक आहे. सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण छातीचा क्ष-किरण फोटो काढला नसता तर निसटले असते, कारण त्यांना नेहमीची लक्षणेच नव्हती. म्हणूनच हातात नेता येणारी क्ष-किरण यंत्रे आता गावोगावच्या शिबिरांत दिसू लागली आहेत.

प्रतिरोधी क्षयाच्या उपचारातही असाच बदल झाला. पूर्वी दीड ते दोन वर्षे चालणारा, इंजेक्शनांचा व बहिरेपणाची भीती असलेला उपचार मागे पडत आहे. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लोक्सॅसिन या चार औषधांचा सहा महिन्यांचा, केवळ गोळ्यांचा उपचार भारताने २०२४ मध्ये मंजूर केला.

तांदूळ, मितानिन आणि पैसा

निदान व औषधे यांची व्यवस्था आरोग्य खात्याकडे आहे. कुटुंबाच्या ताटात काय पडते, हे मात्र इतर संस्थांवर अवलंबून असते, आणि या बाबतीत छत्तीसगडकडे दोन जमेच्या बाजू आहेत. २००२ पासून राज्यात मितानिन कार्यक्रम राबवला जातो. छत्तीसगडी लोकजीवनात दोन व्यक्ती विधिपूर्वक मैत्र जोडतात, त्या नात्यावरून हे नाव आले. वस्तीनेच निवडलेल्या सुमारे ७० हजार स्त्रिया हे काम करतात. २००५ मध्ये देशभर आलेल्या ‘आशा’ योजनेमागे या अनुभवाचा मोठा वाटा होता. खोकला लांबलेल्या शेजाऱ्याला बेडका तपासणीस नेणे आणि गोळ्या चुकत नाहीत ना, हे पाहणे ही कामे आता याच स्त्रियांकडे असतात.

दुसरी बाजू सार्वजनिक वितरणाची. २००४ नंतर राज्याने रास्त भावाची दुकाने खासगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था व महिला बचत गटांकडे सोपवली. केंद्राच्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधी, २०१२ मध्ये, राज्याने स्वतःचा कायदा केला. त्यान्वये पात्र कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य नाममात्र दरात देण्याची आणि अनुसूचित क्षेत्रात हरभराही पुरवण्याची तरतूद झाली. या प्रयत्नांचे फळ दिसले, पण ते पुरेसे नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगडमधील सुमारे २३ टक्के स्त्रियांचा शरीर वस्तुमान निर्देशांक १८.५ पेक्षा कमी होता. देशासाठी हे प्रमाण सुमारे १९ टक्के होते. तांदळाने पोट भरते, परंतु झारखंडच्या शिध्यात हरभरा, दूध भुकटी व तेल होते ते उगाच नव्हे. कष्टकऱ्याच्या ताटात नेमके तेच नसते.

तांदळाच्या संशोधनाशीही रायपूरचा जुना संबंध आहे. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात येथे काम करताना छत्तीसगडच्या गावागावांतून भाताचे हजारो वाण गोळा केले. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आज वीस हजारांहून अधिक वाणांचा हा ठेवा आहे. याच विद्यापीठाने अधिक जस्त असलेला ‘छत्तीसगड झिंक राइस–१’ हा वाण विकसित केला. अशा तांदळाने क्षयरोग घटेल असा पुरावा मात्र अद्याप नाही. जस्ताची कमतरता भरून निघणे आणि साडेसात किलो वजनाची तूट भरून निघणे यांत महदंतर आहे.

केंद्र सरकारने एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेद्वारे उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा करण्यास प्रारंभ केला. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम एक हजार रुपये करण्यात आली. सहा महिन्यांच्या सहा हजारांपैकी तीन हजार निदान होताच आगाऊ देण्याचे ठरले. या दुसऱ्या बदलाकडे परीक्षार्थींनी पहिल्याहून अधिक लक्ष द्यावे, कारण पहिल्या दोन महिन्यांतील वजनवाढीवर रुग्णाचा जीव किती अवलंबून असतो हे वर आलेच आहे. बँक खाते जोडण्यातील विलंबामुळे तिसऱ्या महिन्यात पोहोचलेली रक्कम हिशेबात तेवढीच दिसते, पण तिचे वैद्यकीय मोल फार घटलेले असते. रोख रक्कम द्यावी की वस्तू, हा अर्थशास्त्रातील जुना वाद येथेही आहे. बाजार जवळ असेल व भाव स्थिर असतील तर रोख रक्कम सोयीची असते. अबूझमाडसारख्या भागात किंवा गरियाबंदच्या कमार पाड्यांत दूध भुकटी विकत मिळतेच असे नाही. तेथे वस्तुरूप मदतच उपयोगी पडेल. २०२४ मध्ये १८.५ पेक्षा कमी निर्देशांक असलेल्या रुग्णांना पहिले दोन महिने ऊर्जायुक्त पूरक आहार देण्याचाही निर्णय झाला.

कुटुंबीयांचा प्रश्न मात्र वेगळ्या वाटेने हाताळला जात आहे. ९ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सुरू झालेल्या प्रधानमंत्री टीबी मुक्त भारत अभियानात व्यक्ती, संस्था व उद्योग ‘निक्षय मित्र’ होऊन रुग्णाला अन्नाची टोपली पुरवतात. २०२४ मध्ये तिची व्याप्ती रुग्णाच्या घरातील व्यक्तींपर्यंत वाढवण्यात आली. ही मदत स्वेच्छेची आहे. दाते रायपूर, भिलाई, कोरबा यांसारख्या औद्योगिक शहरांत सहज मिळतात, दंतेवाड्याच्या आतील गावात तसे मिळत नाहीत. शिधापत्रिकेवरील धान्य हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि ते देणारे दुकान गावात आधीपासूनच आहे. निदान झाल्याच्या दिवसापासून त्या कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर सहा महिन्यांसाठी डाळ व तेलाची जादा नोंद करण्याला किती खर्च येईल, याचा हिशेब करणे अवघड नाही. दर ३० कुटुंबांमागे एक रुग्ण टळतो, हा झारखंडचा आकडा त्या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूस मांडावा लागेल. एका रुग्णाच्या निदानाचा, औषधांचा व बुडालेल्या मजुरीचा खर्चही त्याच बाजूस येईल. असा हिशेब झारखंडमधील प्रयोगाच्या नोंदी व छत्तीसगडमधील धान्यवितरणाची आकडेवारी समोर ठेवून जिल्हावार करता येण्याजोगा आहे.